नवव्या मजल्यावरचा कालिक

कालिकच्या वर्षश्राद्धाचं जेवण झालं, त्याच्या बायकोने, उमसुनायने, सुतकाचा काळा रुमाल सोडून पांढरा बांधला, आणि त्याच आठवड्यात कालिक परत आला.

निदान उमसुनायचं म्हणणं तसं होतं. सकाळी ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली, तर बाल्कनीत, कालिकच्या टोमॅटोच्या लाकडी खोक्यात, एक ससाणा उभा होता. करडी पाठ, छातीवर आडव्या रेघा, गालांवर ओघळलेल्या काळ्या मिशा, आणि डोळ्यांभोवती पिवळं कडं. तो काचेतून तिच्याकडे बघत होता. तिने चहा केला, प्यायला, वाडगा विसळला. तो बघतच होता.

तिने खालच्या मजल्यावरच्या रापियाला बोलावून आणलं.

"ससाणा आहे," रापिया म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. बसलाय कुठे ते बघ."

रापियाने बघितलं. निवृत्त झाल्यापासून मरेपर्यंत कालिक त्याच कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचा. सकाळी बसला की संध्याकाळी उठायचा, मध्ये फक्त खोकायचा.

"खोकतो का?" रापियाने हळूच विचारलं.

तेवढ्यात ससाण्याने चोच उघडली. कॅक, कॅक, कॅक, कॅक. तो आवाज बंद पडलेल्या लिफ्टच्या पोकळीतून तळमजल्यापर्यंत गेला. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं केलं आणि लावून घेतलं. रापिया तिथेच स्टुलावर बसली.

तोकमोक शहरातली आमची इमारत कारखान्याने बांधली तेव्हा चिनार माणसाच्या खांद्याएवढे होते आणि लिफ्ट चालायची. आता चिनार सातव्या मजल्याला आलेत, आणि नवव्या मजल्यावर जायचं तर आधी मनाची तयारी करावी लागते. इथे राहणारे सगळे कारखान्यातून निवृत्त झालेले. ससाण्याबद्दल आम्हाला फार तर नाण्यावरच्या चित्राइतकंच ठाऊक. डोंगरातल्या एखाद्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मेलेला माणूस पाखराच्या रूपाने घरी येतो हे माहीत असायला डोंगरात जावं लागत नाही. ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं.

आणि तो का आला हेही सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दर्बिशअलीने उमसुनायला मागणी घातली होती. तोही एकटा, तीही एकटी. पोरं परदेशात. उमसुनायला हवं होतं ते हेच, की संध्याकाळी समोर बसून कुणीतरी चहा प्यावा. पण कालिकचा होकार असल्याशिवाय ती हो म्हणणार नव्हती. आणि कालिक आता काचेपलीकडे बसून मिशीतून बघत होता.

काही दिवसांनी दुसरा ससाणा आला, पहिल्याहून चांगलाच लहान. तो दिवसभर उडायचा, कबूतर मारून आणायचा, कठड्यावर ठेवायचा, आणि मोठा ओरडला की मुकाट पळून जायचा. मोठा खोक्यात बसून खायचा.

"बघ, तिकडे गेला आणि दुसरी करून बसला," उमसुनाय म्हणाली. "आणि तिलाही राबवतोय. जित्याची खोड."

"मग तुलाच कसली अडचण?" रापिया म्हणाली. "त्याने केली, तूही कर."

"हे त्याच्या तोंडून ऐकू दे."

एप्रिलमध्ये खोक्यातल्या मातीत तांबूस अंडी दिसली. त्यांवर बहुतेक वेळ मोठाच बसायचा. हे पाहून उमसुनायला जरा गहिवरून आलं. स्वतःच्या पोराला कालिकने कधी कडेवर घेतलं नव्हतं. तिकडे जाऊन माणूस सुधारला म्हणायचा.

आता रोज दुपारी ती काचेला खुर्ची लावून त्याच्याशी बोलू लागली. चाळीस वर्षं साठलेलं होतं. त्यातलं निम्मं सासूबद्दल. आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने घेत नाही, मेल्यावरही नाही. पण आता कोण ऐकतंय, आणि नवऱ्याला कळायलाच हवं होतं. म्हणून तिने नाव घेतलं. "तुझी आई सालकिन," ती म्हणाली, "दर रविवारी गावाकडून जव मागवून ते पेय आंबवायची ना, मी ते मोरीत ओतायचे. बाजारातलं आणून तुम्हा दोघांना द्यायचे. आणि ती वाडगा तोंडाला लावून म्हणायची, माझ्या हातची चव वेगळीच. सालकिन कसली, साळिंदर होती साळिंदर."

पाखराने मान वर खाली केली आणि टक लावून बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या चौकटीवर कबुतराचं नुसतं मुंडकं होतं. चोच आत, घराकडे वळवलेली.

"हे काय सांगतोय तो?" उमसुनायने विचारलं.

"आईबद्दल बोललेलं आवडलं नसेल," रापिया म्हणाली. "तेल तापव. वास गेला की शांत होतात."

दर शुक्रवारी मेलेल्यांसाठी तेलात पोळ्या तळायच्या, वासाने त्यांचं पोट भरतं, ही आमची जुनी रीत. पण ज्याच्यासाठी तळायचं तो एरवी असा समोर बसलेला नसतो. उमसुनायने तळलं, खिडकी उघडली, आणि रापियाने लाटण्याच्या टोकाने एक पोळी खोक्याकडे सरकवली. मोठ्याने पंख पसरले. खोली एकदम अंधारली. लाटणं खाली रस्त्यावर गेलं आणि पोळी सहाव्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर पडली.

सहाव्या मजल्याने ती प्रसाद म्हणून खाल्ली. त्यानंतर लोक रांगेने वर येऊ लागले. कुणाला मुलीचं लग्न विचारायचं होतं, कुणाला गुडघ्याचं ऑपरेशन. सगळे काचेला नाक लावून उभे राहायचे. वरून पिसं गळायची, पायऱ्यांवर कबुतराचा एखादा पंख नाहीतर लाल पाय पडलेला असायचा, आणि ऐन दुपारी छतावरून एक सावली अशी सरकायची की बोलता बोलता माणसं गप्प व्हायची. लहान ससाणा शिकार घेऊन यायचा, गर्दी बघून तसाच परत फिरायचा. मोठा भुकेने ओरडायचा. ओरडला की खालचे म्हणायचे, कालिक आज रागात आहे, अजून तळा.

शेवटी दर्बिशअली म्हणाला, "मी बोलतो त्याच्याशी. पुरुषापुरुषात मिटेल."

"तो ऐकून घेणारा नाही," उमसुनाय म्हणाली.

"कारखान्यात माझ्या हाताखाली होता. ऐकेल."

त्याने कोट घातला, पांढरा नवा कल्पाक डोक्यावर चढवला, आणि बाल्कनीचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं. "कालिक, भाऊ," त्याने सुरुवात केली.

पुढचं काही बोलायच्या आत वरून हवा फाटल्यासारखा आवाज आला. दर्बिशअली आत येऊन पडला तेव्हा डोकं होतं, कल्पाक नव्हता. तो वाऱ्यावर गिरक्या घेत गेला आणि सगळ्यांत उंच चिनाराच्या शेंड्याला अडकला. तिथे तो बाजारातूनही दिसायचा. आमच्यात कल्पाक गेला म्हणजे डोकं गेलं. येणारे जाणारे वर बघून विचारायचे, "दर्बिशअलीभाऊला तिथे कुणी टांगलं?"

दर्बिशअलीने घराबाहेर पडणं सोडलं. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: दोरीवर लटकून भिंती रंगवणारी माणसं बोलावली आहेत, ती गच्चीवरून उतरतील आणि ते खोकं पोत्यात घालून घेऊन जातील.

उमसुनाय सात मजले उतरून त्याच्या दारात उभी राहिली नाही. तिने जिन्यातूनच सांगितलं, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या नवऱ्याला पोत्यात घालणार असशील, तर मागणीही त्याच पोत्यात घाल."

वरून कॅक कॅक ऐकू आलं. खालून दर्बिशअलीने दार लावल्याचा आवाज आला.

या भांडणात घाबरली ती रापिया. तिने पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांना फोन लावला. दोरीवाले यायच्या आदल्या दिवशी बेगाइम नावाची मुलगी दुर्बीण घेऊन, धापा टाकत नवव्या मजल्यावर पोचली. तिने पडदा बोटभर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिली. खोक्यात आता पांढऱ्या कापसाचे गोळे हलत होते.

"बहिरी ससाणा," ती म्हणाली. "आपा, यांना हात लावायला कायद्याने बंदी आहे. दोरीवाल्यांना मी सांगते. तुम्ही दार बंद ठेवा, पडदा ओढा, लोकांना वर येऊ देऊ नका. पिल्लं उडाली की जातील."

"आणि तळायचं?"

"काय तळायचं?"

"काही नाही," रापिया म्हणाली.

"माझा नवरा आहे तो," उमसुनायने स्पष्टच सांगितलं. "मोठा तो."

बेगाइम हसली नाही. आमच्यातलीच पोर होती. ती म्हणाली, "मोठा नाही, आपा, मोठी. यांच्यात मादी मोठी असते. मिशा दोघांनाही असतात. लहान आहे तो नर. बिचारा दिवसभर शिकार आणतो, शिव्या खातो आणि जातो. ती मान वर खाली करते ना, तेव्हा ती अंतर मोजत असते. तेवढं सांभाळा."

ती गेल्यावर दोघी वाडगे घेऊन बसल्या. चहा गार झाला.

"म्हणजे तो लहान, तो कालिक," रापिया म्हणाली. "दर्बिशअली बाल्कनीत गेला तेव्हा तो समोरच्या खांबावर होता. मी पाहिलं. काही बोलला नाही."

"तो कधी बोलला होता? त्याची हरकत नव्हतीच." उमसुनायचा चेहरा क्षणभर उजळला, आणि तसाच थांबला. "रापिया, कालिकच्या आधी त्या कोपऱ्यात कोण बसायचं?"

रापियाला आठवत होतं. आम्हाला सगळ्यांनाच आठवतं. गावाकडचं घर मोडून सालकिन आपा इथे आल्या तेव्हा लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नव्हत्या. नऊ मजले चढून आल्या आणि मरेपर्यंत खाली उतरल्या नाहीत. त्याच कोपऱ्यात, त्याच स्टुलावर बसून काचेतून सुनेच्या हातांकडे बघायच्या. गालावर दोन्हीकडे काळी लवही होती.

"तू तिला काय काय सांगितलंस?" रापियाने विचारलं.

"सगळं."

"पेयाचं?"

"मोरीचंसुद्धा."

"आणि नाव?"

उमसुनायने दर्बिशअलीला फोन केला. "रविवारी चहाला ये," ती म्हणाली. "बैठकीत बसू. स्वयंपाकघरात नको."

"कालिकने परवानगी दिली?"

"त्याने दिली. बोडक्याने आलास तरी चालेल."

मग ती उठली, पांढरा रुमाल कपाळावर खाली ओढला, आणि सून म्हणून या घरात आली तेव्हा केलं होतं तसं, हात गुडघ्यांवर ठेवून काचेसमोर तीनदा वाकली.

खोक्यातल्या मोठीने पिल्लांवरून मान उचलली. पिवळी कडी तिच्यावर स्थिर झाली. मग तिनेही मान खाली वर केली. एकदा, दोनदा, तीनदा.

"बघ, आशीर्वाद दिला," रापिया कुजबुजली.

उमसुनायला बेगाइमचं बोलणं आठवलं. ती काचेपासून एक पाऊल मागे सरली. सासूबाईंचे आशीर्वाद तिने जन्मभर तेवढ्याच अंतरावरून घेतले होते.