उष्ट्या ताटांची मर्दुमशुमारी

“मोठीमाय, आपल्या घरात माणसं किती?”

सोजरने विचारले आणि पटकन दोन पावले मागे सरकली. कुडाआड लपलेल्या चार मैत्रिणींनी तोंडावर हात दाबले. विचारून दाखवशील तर ओटीभर बोरं, अशी पैज लागली होती. कारण हा प्रश्न विचारून बोरी गावात आजवर कुणालाही उत्तर मिळाले नव्हते.

“पुरती हायेत,” बायनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. “आन मोजू नको गं. मोजलं की नजर लागती.”

सोजरची ही आजी काही म्हणजे काहीच मोजत नसे. भाकरी नाही, वासरे नाहीत, नातवंडे तर मुळीच नाहीत. थापायला बसली की टोपले भरेपर्यंत थापायची, बस्स.

सोजरने बोरं जिंकली, पण ओसरीवर ताटकळत बसलेल्या मार्तंड मास्तरांचे काय? निजाम सरकारची मर्दुमशुमारी चालली होती आणि घराघरातली डोकी मोजायचे काम मास्तरांच्या गळ्यात पडले होते. सारे गाव मोजून झाले, हे एक घर तीन दिवस अडले होते. आज आकडा जिंतूरच्या तहशिलीत गेला नाही तर मास्तरांची कच्ची नोकरी जाणार. मास्तर गेले की शाळेला कुलूप, आणि शाळेला कुलूप लागले की सोजरची पाटी दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून!

“माणिकराव, तुमी तरी सांगा,” मास्तरांनी सोजरच्या बापाला गळ घातली.

माणिकरावाने नुसते खाकरले तरी बैल जागच्या जागी थांबत. त्याने आधी चुलीकडे बघितले, मग हळूच म्हणाला, “मला कशाला मधी घालायलाव, मास्तर? माय हाय की घरात.”

तेव्हा सोजरला ती नामी युक्ती सुचली.

“मास्तर, माणसं मोजायची न्हाईत ना? मग उष्टी ताटं मोजू! ताटाला कुटं नजर लागती?”

मास्तरांना आपल्या विद्यार्थिनीचा फार अभिमान वाटला. सोजर कोळसा घेऊन मोरीशी बसली. येईल त्या ताटाला भिंतीवर एक रेघ.

आधी घरचे जेवले. मग बांगड्यांची पेटी घेऊन कासार आला. “बस रे, दोन घास खा.” ताक मागायला धुरपताबाई आली. “बस गं, दोन घास खा.” पाथरीकडे निघालेले वाटसरू पाण्यासाठी थांबले, त्यांना पाण्याआधी पिठलं मिळाले. मास्तरांपुढेही ताट आलेच. लसणाची फोडणी अशी जमली होती की मास्तरांचे डोळे आपोआप मिटू लागले. तेवढ्यात मोरीवरून आवाज आला, “पस्तीस!”

मास्तरांनी पस्तीस लिहिले आणि कागद जिंतूरला धाडला. त्यात आपलेही ताट होते, हे त्यांना घरी जाऊन आडवे झाल्यावर आठवले.

त्यानंतर चौथ्या दिवशी घोडा आला. घोड्यावर चंद्रभान गिरदावर, तहशिलीतून तपासणीला आलेले.

“मास्तर, तीन खणांच्या घरात पस्तीस माणसं? हे मकान हाय का सराई?” गिरदावर अंगणातूनच गरजले. “पस्तीस दाखवा मला. न्हाईतर उद्यापासून शाळेचं तोंड बघू नका.”

घरात होती अकरा. मास्तर खडूसारखे पांढरे पडले. सोजर धावत चुलीपाशी गेली आणि रडत रडत सगळे ओकून मोकळी झाली. “मोठीमाय, माझ्यामुळं मास्तर चाललेत!”

बायनाबाईने हाताचे पीठ झटकले. भिंतीवरून शेजारच्या कडूबाईला म्हणाली, “कडू, साहेबाला माझी माणसं बघायचीत म्हणं. बलीव जरा.”

एवढेच. घटकाभरात अंगण भरू लागले.

“तू ह्या घरचा कसा?” गिरदावरांनी बन्सी कुंभाराला दरडावले.

“पलेगाच्या साली माय मेली माझी. हिनं माणिकबरुबर मला अंगावर पाजलं. आता सांगा, मी कुठला?”

“आन तू?”

“मानमोडीच्या साथीत आमचं सारं घर आजारी,” उस्मान पिंजारी म्हणाला. “धा दिवस आमच्या दारात हिची भाकर. तवापासून मी हितलाच.”

“माझी तिन्ही बाळंतपणं ह्या खोलीत झाली,” दगडाबाई तोऱ्यात म्हणाली. “माहेर हाय माझं!”

मागून कासार पेटी सावरत पुढे आला. “माझी तर चौकशीच नको, साहेब. माझं ताट सरकारदरबारी लागलंय.”

गिरदावर बोटांवर मोजू लागले. पस्तीस झाली. दारातून येणे काही थांबेना. पन्नास. साठ. सोजर तोंड उघडे टाकून बघत राहिली. चुलीच्या धुरात खोकणारी आपली वाकलेली आजी. तिच्या पदराला एवढे गाव बांधलेले आहे, हे रोज तिच्या मांडीवर डोके ठेवूनही सोजरला कधी दिसले नव्हते.

“बास!” गिरदावर ओरडले.

मास्तर हात जोडून पुढे झाले. “चूक झाली, साहेब. आकडा खोटाच लिवला मी. कमी लिवला.”

गिरदावर आधी मिशीत हसले, मग मोठ्याने. टोपी काढून ओसरीवर टेकले, तर पुढ्यात ताट हजर. “बस पोरा, दोन घास खा.” जेवून उठल्यावर त्यांनी तो कागद फाडला, “रात्रीला हितं झोपतात तेवढीच लिवा,” म्हणाले आणि अकरावर सही ठोकली. मास्तर राहिले, शाळा राहिली. घोड्यावर बसता बसता गिरदावरांनी विचारलेच, “अम्मा, खरं सांगा, माणसं किती?”

“पुरती हायेत.”

तीन वर्षांनी ऐन सुगीत बायनाबाई गेली. तेराव्याच्या आदल्या दिवशी माणिकराव आणि सोजरची माय कमलबाई कागद घेऊन बसले. निम्मी जवारी सरकारच्या लेव्हीत गेलेली, कणगीत उरलेली जेमतेम.

“शंभर पानं धरावी का?”

“दीडशे धरा. न्हाई, दोनशे!”

“दोनशेला पुरवायचं कुठून, कमल?”

शेवटी बापाने कागद सोजरपुढे सरकवला. गणितात पहिली आलेली पोर! “तूच काढ बाई आकडा.”

सोजरने पेन्सिल उचलली आणि सहज बाहेर बघितले. बन्सी कुंभार न सांगता रांजण उतरवत होता. उस्मानने जवारीचे पोते आणून भिंतीला टेकवले होते. दगडाबाईच्या ओटीत शेरभर तूरडाळ होती. आणि वेशीकडून ओळखीचा घोडा येत होता. खोगिराला गुळाची ढेप बांधलेली, वर गिरदावर. कुणी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, “घरचाच हाय मी.”

सोजरने कागद चुलीत सारला आणि पदर खोचला.

“आबा, माय, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “मोजायचं न्हाई. टोपलं भरंस्तोवर थापायचं. पुरती हायेत.”