ज्वारीच्या मुळांची सेकंड शिफ्ट

आमच्या शेजारचे हरीकाका भरदुपारी परसात पालथे पडून जमिनीला कान लावतात. नवखा माणूस घाबरून पाणी आणायला पळतो. काका हात वर करून त्याला थांबवतात, "गप रं! मुळांची सेकंड शिफ्ट सुरू झालीय."

डोलवीच्या कंपनीतून रिटायर होऊन ते रोह्याजवळच्या आमच्या गावी परतले, पण शिफ्ट काही सुटली नाही. कोलाडच्या शेतकरी मेळाव्यात कुणीतरी सांगितलं, ज्वारीची मुळं असा रस सोडतात की आजूबाजूला तण उगवतच नाही. झालं! भाताच्या मुलखात या गृहस्थाने परसात ज्वारी पेरली. कणसं पाखरांना सोडली आणि मुळं ठेचून पिंपात भिजत घातली. त्या वासाने पाहुणे चहा न घेताच उठायचे.

"मुळं एकमेकांना शिव्या घालतात," काका समजावत. "ज्वारी लय तोंडाळ. तण लाजून वरच येत नाय."

"मग ज्वारी कशाला? मी हाय की!" शांताकाकी म्हणायची आणि विळा घेऊन तण बेणायला निघायची. गुडघे पार गेलेले, डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केलेली, पण तण दिसलं की काकी बसलीच.

भात निघालं, वाल पेरला. काकांनी रस वालात फवारला आणि भरात येऊन बांधांवरही. आणि काय सांगू, शेत खरंच स्वच्छ! काकांनी अख्ख्या आळीला शेतावर मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीचं आमंत्रण दिलं.

शेंगा आल्या, मडकं आलं, अंडी आली. मडक्यात शेंगांखाली-वर घालायचा भांबुर्ड्याचा पाला शोधायला गेलो तर बांधावर एक काडी नाही! त्या पाल्याशिवाय पोपटी म्हणजे नुसत्या भाजलेल्या शेंगा. पण भांबुर्डाही शेवटी तणच की हो!

"ज्वारीनं त्यालापण शिव्या घातल्या काय, काका?" आळी लोटपोट.

काकी मात्र भडकली. "सगळ्यांत नाक कापलंत! कुणी सांगितला व्हता ह्यो उद्योग?"

काका मडक्याकडे बघत हळूच म्हणाले, "तू वाकू नयेस म्हणून केलं गो. दिवसभर बेणतेस नि रातभर कण्हतेस. मला ऐकवत नाय."

हसणं थांबलं.

काकी कितीतरी वेळ पदर नीट करत राहिली. "येवढंच व्हतं तर बोलायचं ना," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळली, "बघत काय बसलाव? पलीकडच्या शेतातनं पाला आणा. नि मला घरनं खुर्ची आणा कुणीतरी."

खुर्ची आणायला काका स्वतःच धावले.