उंदरांची टोपली

“आता माझ्या वाडीतल्या भोपळ्याला कोणी हात लावून दाखवावाच!”

मकेरितानं पातेल्यावर झाकण आपटलं आणि टपरीपुढच्या बाकावर जेवत बसलेल्या सगळ्यांवरून एक नजर फिरवली. समुद्राच्या रस्त्याला लागून तिची टपरी. तापल्या दगडांवर भाजलेला नीरफणस, भोपळ्याचं सूप आणि नारळाच्या दाट दुधात शिजवलेल्या अळूच्या पुरचुंड्या. या पुरचुंड्यांसाठी सवाई बेटाच्या पार पलीकडच्या टोकाची माणसं बस थांबवून उतरायची! भोपळे घरच्या वाडीतले, नारळ घरचे, अळूही... घरचाच म्हणायचा.

पण पंधरवड्यात दोन भोपळे वेलावरून नाहीसे झाले होते. तेव्हा मकेरितानं आजीच्या वेळचा उपाय काढला. नारळाच्या पातीची मुठीएवढी टोपली विणली, तीत चुलीची राख भरली, वर तीन पांढरी पिसं खोचली आणि वाडीच्या बांधावरच्या फणसाला टांगली. चर्चमध्ये रोज जाणारं गाव, पण अशी टोपली दिसली की भलेभले वाट सोडून चालतात. जो चोरून खाईल, त्याच्या घरातल्या ठेवणीच्या चटया उंदीर कुरतडतात!

“मी पाहिली गं टोपली,” नवऱ्याची म्हातारी आत्या, वाइओला, पुरचुंडी सोडता सोडता म्हणाली. “छान विणलीस. पण मालक कोण, चोर कोण, हे तिला कळत नाही हो. न विचारता तोडलेलं तेवढं कळतं.”

“कळू द्या ना, आत्याबाई! मला कसली भीती?”

जिच्यासाठी भीती वाटावी अशी घरात एकच वस्तू होती. पणजीच्या हातची, रेशमासारखी बारीक विणीची चटई, काठाला लाल पिसांची झालर. ती गादीखाली सपाट पसरून ठेवलेली होती. शनिवारी नणंदेच्या मुलीचं लग्न, आणि मामाच्या घरून आहेराची चटई गेली नाही, तर मामीनं त्या मांडवात कुठल्या तोंडानं जेवायचं?

सोमवारी टोपली टांगली. मंगळवारी तिन्हीसांजेला शंख वाजला आणि नेहमीप्रमाणे अख्खं गाव प्रार्थनेला आपापल्या घरात बसलं. त्या वेळात वाटेवर पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर पंच दंड करतात. घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे चाळीस घरं एकमेकांना दिसत होती, आणि कुठं हूं की चूं नव्हतं. वारासुद्धा पडला होता.

आणि त्या शांततेत आवाज आला. कुर्र... कुर्र... कुर्र.

मकेरितानं एक डोळा उघडला. आवाज नणंदेच्या घराच्या बाजूनं येतोय, अशी तिची क्षणात खात्री पटली. ‘म्हणजे वन्सं!’ तिच्या मनात अशा काही उकळ्या फुटल्या, की ‘आमेन’ तिनं सगळ्यांच्या आधीच म्हणून टाकलं.

बुधवारी सकाळी सुपाबरोबर बातमीही वाढली गेली. “मी कोणाचं नाव घेत नाही हं! पण काल कोणाच्या तरी घरात उंदरांची पंगत बसली होती!”

बाकावरचे चमचे थांबले. एक जण सूप अर्धं टाकून उठला. मग दुसरा. “अहो, फणस तरी घ्या!” ती म्हणाली, तोवर बाक रिकामा!

दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक दोरीवर चटया झळकल्या. जिकडेतिकडे बायका उन्हात चटया धरून डोळ्यांजवळ नेत होत्या. बोलत मात्र कोणीच नव्हतं. लग्नाआधी गाव गजबजायचं, ते मयताला जमल्यासारखं गप्प!

गुरुवारी पहाटे मकेरिता अंगण झाडायला उठली आणि केरसुणी हातातच राहिली. पायरीपाशी भोपळे ओळीनं मांडलेले होते. गेले होते दोन. परत आले होते पाच! शिवाय एक केळीचा घड, जो तिचा नव्हताच.

“अहो, उठा! सगळं गावच चोर निघालं!”

नवरा उएलेसे डोळे चोळत आला. भोपळे मोजून म्हणाला, “टोपली जालीम आहे गं. आता काढ.”

“काढू कशाला? वन्संनी काय परत केलंय?”

“मी काय परत करायचं, वहिनी?” नणंद तेलेसिया दोघींच्या वाड्यांमधल्या बांधावर उभी होती. दोन्ही हातांत चटया. “ह्या बघ, सातही धड आहेत. सगळ्या गावाच्या धड आहेत. तुझी काढ की बाहेर!”

“माझी कशाला? वाडी माझी, टोपली माझी!”

“अगं, मग काढायला काय झालं?”

आवाज ऐकून वाइओला आत्या आली, मागोमाग आणखी चार बायका. मकेरितानं ताठ मानेनं गादी उचलली, चटई बाहेर आणली आणि झटकून उन्हात धरली.

बरोबर मधोमध मुठीएवढं भोक होतं. त्यातून तेलेसियाचा डोळा दिसत होता.

“टपरीचं खोबरं घरात असतं ना,” उएलेसे घाईघाईनं म्हणाला, “उंदीर यायचेच.”

आत्यानं कोपऱ्यातली खोबऱ्याची करंडी उघडून पाहिली. एकाही वाटीला दात लागला नव्हता. “खोबरं सोडून चटई खाल्ली,” ती हळूच म्हणाली. “मकेरिता, तुझं काही द्यायचं राहिलंय का? नाहीतर शनिवारपर्यंत नुसती झालर उरेल.”

“मी? छे! काहीतरीच!”

पण दिवसभर तिच्या हाताला चव नव्हती. पुरचुंड्या खारट झाल्या, दूध फाटलं. पानं चिरताना तिला त्यांच्याकडे बघवेना. तिच्या अळूवर गेल्या वर्षी कीड पडली होती. तेव्हापासून रोज सकाळी ती बांधावरून हात लांब करी आणि पलीकडची पानं खुडी. दहा-वीस पानं, त्यात काय! घरातल्या घरातच की! टोपली टांगली त्या सकाळीसुद्धा तिनं खुडली होती. टोपलीच्याच सावलीत उभं राहून.

संध्याकाळी शंख वाजला. गाव बसलं. उएलेसेनं प्रार्थना सुरू केली आणि गादीखालून आवाज आला. कुर्र... कुर्र... आता दिशेची शंकाच नव्हती. सावकाश, दमानं, जणू खाणाऱ्याला शनिवारपर्यंत भरपूर वेळ होता.

मकेरिता उठली. “अगं, दंड होईल!” उएलेसे कुजबुजला. ती ऐकते कशाची! चाळीस घरांतली माणसं हात जोडून बघत होती आणि निर्मनुष्य वाटेवरून मकेरिता एकटी धावत होती. तेलेसियाच्या खांबाला धरून तिनं श्वास घेतला.

“वन्सं, तुमची अळूची पानं मी तोडते!”

शेवटच्या घरापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

“किती?” तेलेसियानं डोळे मिटूनच विचारलं.

“दहा.”

कुर्र, कुठंतरी वाजलं.

“वीस! रोज! वर्षभर!”

दुरून कोणीतरी अगदी मनापासून “आमेन” म्हणालं.

तेलेसियानं डोळे उघडले. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं गं. देठ काय आपोआप गळतात? विचारशील म्हणून वर्षभर वाट पाहत होते.” ती स्वतः बरोबर आली, दोघींनी मिळून टोपली उतरवली आणि राख समुद्रात सोडली. त्यानंतर आवाज आला नाही. उएलेसेनं घर उलटंपालटं केलं, पण उंदीर सोडा, उंदराची लेंडीही सापडली नाही.

शनिवारी मांडवात चटई उलगडली तेव्हा मकेरितानं मान खाली घातली. पण आहेर पुकारणाऱ्या मानकऱ्यानं ती उंच धरली, भोकातून ऊन आरपार गेलं आणि तो गदगदून गर्जला, “पाहा! किती पिढ्यांच्या हातांनी ही झिजली असेल!” टाळ्या पडल्या. तेलेसिया हाताआड हसत होती की खोकत होती, ते कळलं नाही.

पंचांनी दंड म्हणून एक डुक्कर घेतलं. तेलेसियाचा दंड वेगळा होता. आता पानं हवी असली, की मकेरितानं रस्त्यावर उभं राहून विचारायचं.

“वन्सं, दहा पानं घेऊ का?”

“ऐकू नाही आलं!”

“दहा पानं घेऊ का?”

“घे हो! मोजून घे!”

सगळा बाक ऐकत असतो. मकेरिता मोजून घेते. एवढंच, की वर्षाची सवय हाताला, काल अकरावं पान कधी खुडलं गेलं ते तिलाच कळलं नाही. तिनं चहूकडे पाहिलं, आणि मग कितीतरी वेळ ते पान पुन्हा देठाला चिकटवायचा प्रयत्न करत उभी राहिली.