ढोबळेकाकांचा राग

आमचे ढोबळेकाका टीव्हीतल्या मास्तराशी भांडतात. रिमोट त्याच्यावर रोखून, उभं राहून भांडतात.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला ते माझ्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये एकटे राहतात. मूळ चंद्रपूरकडचे, वडील कोळशाच्या खाणीत. त्यांच्याकडे गेलं की एक जुना ब्रिटिश सिनेमा बघावाच लागतो. खाणकामगारांची वस्ती, फाटक्या कपड्यांतला पोरगा आणि त्याला ऊठसूट बडवणारी शाळा. "आमचंच गाव हाये हे, फक्त पोट्टे गोरे," असं सांगून काका सुरू होतात, "हात खाली कर बे मास्तर! काऊन मारतं त्या पोट्ट्याले?" पोहे गार होतात, पण मास्तराचा उद्धार झाल्याशिवाय कुणाला बशी मिळत नाही.

घरात हे ठीक होतं. एकदा मी त्यांना माझ्या मुलीच्या सॉकर प्रॅक्टिसला नेलं. कोच एका मुलावर खेकसला, तर काका तरातरा मैदानात घुसले आणि त्याला अस्सल वऱ्हाडीत सोलून काढलं. ग्राउंडवर बंदी झाली काकांना आणि माफी मागत फिरलो मी! माझं डोकं असं सणकलं, की आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. जगभरच्या मास्तरांचा ठेका यांना दिलाय कुणी?

मग थँक्सगिव्हिंगला त्यांचा मुलगा निखिल आला. तो असतो सिअॅटलला, आणि इथे यायचं वर्षानुवर्षं टाळायचा. काका त्याच्या फोनसाठी झुरतात हे आख्ख्या गल्लीला ठाऊक. म्हणून त्यांच्याकडे जेवायला गेल्या गेल्या मी बजावलं होतं, "काका, आज तरी सिनेमा नको." ऐकतील ते काका कसले!

पडद्यावर मास्तर आला, काका कडाडले. निखिल नुसता बघत होता. पुढे पोरगा घरी जातो आणि घरचेच त्याला बडवतात. काका एकदम गप्प.

"आता घरात मारतायत, बाबा," निखिल म्हणाला. "नाऊ से समथिंग."

काका मटकन खाली बसले. मला त्यांचा तेव्हा खरा राग आला. इतकी वर्षं परक्या मास्तराला शिव्या, आणि स्वतःच्या घरात पोराला मार?

टीव्ही बंद करून ते म्हणाले, "लय लागे का रे तुले?"

"एव्हरी टाइम."

"मंग बोल मले. जेवढं साठलं तेवढं बोल. मी कुठं जात नाई."

निखिलचा आवाज चढला. बापलेकांमध्ये आपलं काय काम, म्हणून मी चपला घालायला उठलो, तर काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. एकट्याने ऐकायची भीती वाटत होती त्यांना.