जाणवणारा दगड

सहल पाहण्यासाठी काढली जात नाही, पाहून आलो असे सांगण्यासाठी काढली जाते, यावर सर्व जाणकारांचे एकमत आहे. (ज्यांचे मत वेगळे होते, त्यांना पुढच्या सहलीला बोलावलेले नाही.)

घड्याळजींच्या मित्रमंडळाची घटना साधी होती. दरवर्षी एकाने रस्त्याकाठचे एखादे आगळे ठिकाण निवडायचे आणि बाकीच्यांनी वर्षभर नावे ठेवायची. हे नावे ठेवणे मंडळात शब्दशः चाले. शिंप्याने तरंगता पूल दाखवायला नेले, पूल तरंगला नाही, तेव्हापासून शिंपी 'तरंगे' झाला. आता त्याची सख्खी बायकोही त्याला तशीच हाक मारते. दाताच्या डॉक्टरांना 'भुयार' हे नाव कसे पडले, ते जेवणाआधी सांगण्यासारखे नाही. घड्याळजींच्या मेहुण्याला नाव नव्हते, कारण गाडी त्याची होती. स्वतःच्या कर्तबगारीवर बिननावाचे राहिलेले एकटे घड्याळजी, आणि यंदा पाळी त्यांची होती. उतारवयात नवे नाव घेऊन जगायचे, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

पहिले ठिकाण अवाढव्य किटलीचे. किटली दुरुस्तीसाठी झाकून ठेवली असून प्रेक्षकांनी ताडपत्रीवरून अंदाज घ्यावा, असा फलक तिथे होता. मंडळाने अंदाज घेतला. पुढे पाणी चढाकडे वाहणारा रस्ता होता. त्या दिवशी पाणी उताराकडे वाहत होते, आणि रखवालदाराने त्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त केली. मग हत्तीसारखे दिसणारे झाड. त्याची सोंड विजेच्या तारांना लागते म्हणून छाटण्यात आली होती. सोंडेवाचून तो हत्ती थेट झाडासारखा दिसत होता.

"'किटली' बरं वाटतंय," मागच्या सीटवरून तरंगे म्हणाला.

"छे, 'सोंड'! माणसाला शोभलं पाहिजे," भुयार म्हणाले.

"एक नाव, एक आडनाव. भावोजींना दोन्ही बसतील," मेहुण्याने तोडगा काढला.



"थांबव गाडी!" घड्याळजी ओरडले.

गाडी थांबली ती एका दगडापाशी. दगड साधा होता. आजूबाजूला तसेच आणखी होते.

"हाच तो," घड्याळजी म्हणाले.

"काय आहे ह्यात?"

"दिसत नाही ते. जाणवतं." मग जरा थांबून म्हणाले, "काही काही लोकांना जाणवतच नाही म्हणे."

नाव पडण्याची भीती इतका वेळ एकट्या घड्याळजींकडे होती. आता ती सर्व सभासदांत समान वाटली गेली. भुयार दगडाच्या डावीकडे गेले, डोळे बारीक करून उभे राहिले. "आहे हं," ते म्हणाले. "डावीकडून जास्त आहे." तरंगेच्या तर अंगावर काटा आला. बाही वर करून त्याने तो सगळ्यांना दाखवला. मेहुण्याला गाडीतच जाणवले होते, त्याशिवाय का ब्रेक इतका कचकन लागला?

चार मोठी माणसे दगडाकडे टक लावून उभी आहेत म्हटल्यावर मागची गाडी थांबली. मग एक बस थांबली. "कुठून बघायचं हो?" बसमधल्या एका काकूंनी विचारले. भुयारांनी त्यांना अदबीने डावीकडे उभे केले. काकूंचे डोळे भरून आले. पुढे डावीकडची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा उजवीकडूनही थोडे जाणवते, असे जाहीर करण्यात आले.

घड्याळजींची अब्रू वाचली. परतताना सगळ्यांनी त्यांना तोंडभरून वाखाणले. ते मात्र खिडकीबाहेर बघत होते. इतक्या लोकांना जाणवते म्हणजे काहीतरी असणारच. मग ते आपल्यालाच का जाणवू नये? त्यांना फार वाईट वाटले.

दगड नेमका कुठे आहे, ते इथे सांगायची गरज नाही. तुम्ही जाऊन आला आहात. डावीकडे उभे राहून फोटोही काढलात, आणि शेजाऱ्यांनी "कसं होतं?" म्हणून विचारल्यावर क्षणभरच घुटमळून म्हणालात, "अहो, एकदा तरी जायलाच हवं."

शेजारी येत्या रविवारी निघताहेत.