सगुणाआत्याची लक्षवात

हरिश्चंद्र घाणेकराने माळ्यावरची पिशवी खाली ओढली, तेव्हा ती भलतीच हलकी लागली. आत सहा कापडी थैल्या होत्या. सहाही रिकाम्या.

“मालन, यातला कापूस कुठे गेला?”

“आत्यांनी घेतला,” त्याची बायको चुलीपुढून म्हणाली. “त्यांच्यासाठीच आणलात ना?”

हरिश्चंद्र मुंबईला आफ्रिकी कापूस उत्पादक संघाच्या कचेरीत कारकून होता. तिकडच्या लहान शेतकऱ्यांचा कापूस इकडच्या गिरण्यांना विकून द्यायचा, हे संघाचं काम. थैल्यांत होते ते कापसाचे नमुने. संघाचे नवे अध्यक्ष म्वांगासाहेब टांझानियाहून आले होते. मोटारीने गोव्याला जाताना वाट वाकडी करून ते आज दुपारी रत्नागिरीत, परटवण्यातल्या या घरी येणार आणि नमुने घेऊन पुढे गिरणीवाल्यांच्या सभेला जाणार, असं ठरलं होतं. हरिश्चंद्र रजेवर गावी यायचा होताच, म्हणून त्याच्याकडे पिशवी सोपवलेली.

देवघराच्या खोलीत सगुणाआत्या वाती वळत बसली होती. सूप वातींनी शिगोशीग भरलं होतं.

“आत्या, हा कापूस घ्यायला कुणी सांगितलं?”

“सांगायला कोण कशाला हवा? लक्षवातीचा, लाख वाती वळायचा संकल्प सोडल्यापासून तुझ्या मागे लागलेय, कापसाच्या हापिसात आहेस, आत्याला मूठभर कापूस आण म्हणून. शेवटी देवानं तुला बुद्धी दिली. नुसता हात लावला की धागा सुटतोय, बाबा.”

“तो संघाचा आहे.”

“होता. आता देवाचा झाला,” आत्या म्हणाली आणि पुढची वात वळू लागली.

आई गेल्यावर याच आत्याने हरिश्चंद्राला वाढवलं होतं. तिने कधी आवाज चढवला नव्हता, पण चाळिशी गाठली तरी तिच्यापुढे उलट बोलणं त्याला अजून जमलं नव्हतं. तो मुकाट्याने पोस्टात गेला आणि मुंबईला ट्रंककॉल लावला. साहेब पहाटेच निघाले होते.

मग तो पिंजाऱ्याकडे धावला. त्याच्याकडे जुन्या गाद्यांचा पिंजलेला, मळकट कापूस तेवढा होता. शेवटी तो औषधाच्या दुकानात शिरला आणि निळ्या कागदातली कापसाची होती नव्हती तेवढी गुंडाळी मागून घेतली.

दुकानदाराचा हात थबकला. “घरी कुणाला लागलंय का हो?”

“थोडंसं.”

“थोड्याला एवढा कापूस?”

हरिश्चंद्राने पैसे टाकले. तो गुंडाळ्या छातीशी कवटाळून निघाला. त्याचा पांढराफटक चेहरा आणि छातीवरचा कापूस साऱ्या बाजाराने पाहिला.

घरी दार लावून तो आणि मालन थैल्या भरायला बसले.

“साहेबांना कळलं तर?”

“तोंडं शिवून टाकू. थैल्या उघडतील त्या गोव्यात.”

“आणि गोव्यात कळलं तर?”

त्याने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. ओवेना.

शेवटची थैली शिवून होते न होते तोच दार वाजलं. हरिश्चंद्राने श्वास रोखून कडी काढली. समोरचा गंगाराम दोन शहाळी घेऊन उभा होता.

“आत्या कशा पडल्या रे?” त्याने खालच्या आवाजात विचारलं. “शुद्धीवर आहेत ना? बाजारात सगळी म्हणतायत.”

“आत्या बऱ्या आहेत.”

“लपवू नको. आम्ही काय परके?” असं म्हणून गंगाराम ओटीवर टेकला. त्याच्यामागून आणखी शेजारी आले आणि माना खाली घालून बसले. म्वांगासाहेबांची मोटार आली तेव्हा ओटीवर बसायला जागा नव्हती. साहेबांनी ती मंडळी पाहिली, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच इंग्रजीत विचारलं, “मी चुकीच्या वेळी आलो का?”

“नाही सर.” हरिश्चंद्राने त्यांना लगबगीने आत नेलं आणि थैल्या पुढे केल्या. पण साहेबांनी त्या घेतल्याच नाहीत.

“आधी मला माफ करा,” ते म्हणाले. “कचेरीतून चुकून तुमच्याकडे गेल्या वर्षीचे नमुने आले. यंदाचे माझ्या मोटारीत आहेत. तुमची उगाच धावपळ झाली.”

हरिश्चंद्राला वाटलं, या उंच माणसाच्या पाया पडावं. गेल्या वर्षीचा कापूस म्हणजे टाकाऊ कापूस. सुटलो.

“पण आणलेच आहेत तर यंदाच्याशी ताडून पाहू,” म्हणत साहेबांनी खिशातला चाकू काढून एका थैलीचा टाका उसवला.

ड्रायव्हरने नव्या थैल्या आणल्या. साहेबांनी दोन्ही कापूस खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र, त्यापुढे यंदाचा पिवळसर. साहेबांनी दोन्हींवरून नजर फिरवली. मग मटकन खुर्चीत बसले.

“गेल्या वर्षी आपला कापूस एवढा पांढरा होता?”

हरिश्चंद्र थैलीचा उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला.

“मी मूळचा शाळामास्तर. कापसातलं मला फारसं कळत नाही, हे मी तिकडे अजून कुणाला सांगितलेलं नाही. लोकांनी विश्वासाने निवडून दिलं, आणि माझ्याच पहिल्या वर्षी माल असा उतरला. गिरणीवाले परत पाठवतील. गावोगावी जाऊन मी काय सांगू?”

त्यांनी खिडकीतला यंदाचा कापूस पुन्हा थैलीत कोंबला. सकाळपासून हीच भीती हरिश्चंद्राच्या अंगात होती, ती त्याने लगेच ओळखली. खरं बोललो तर नोकरी जाणार, हे त्याला कळत होतं.

“सर, हा गेल्या वर्षीचा नाही,” तो म्हणाला. “हा जखमेवर लावायचा कापूस आहे. गेल्या वर्षीच्या कापसाच्या माझ्या आत्याने वाती वळल्या.”

साहेबांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग बूट काढले आणि म्हणाले, “मला त्या वाती पाहायच्यात.”

धडधाकट आत्या देवघरातून सूप घेऊन दारात आली, तसा ओटीवरचा गंगाराम उठून उभा राहिला आणि शहाळी कुणाला द्यावीत ते न कळून त्याने ती साहेबांच्या ड्रायव्हरला दिली.

साहेबांनी एक वात उलगडून यंदाच्या कापसाशेजारी धरली. वातीपेक्षा यंदाचा कापूस उजळ होता आणि धागाही लांब होता. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग आनंदाच्या भरात, आत्यालाही फरक पाहता यावा म्हणून, यंदाच्या पहिल्या नंबरची, सर्वांत उत्तम कापसाची थैली तिच्या हातात दिली.

आत्याने कापूस चिमटीत धरून ओढून पाहिला. थैली कपाळाला लावली. “मोठ्या मनाचा माणूस हो,” ती हरिश्चंद्राला म्हणाली. “दुरून आला, पण देवाच्या कामाला रिकाम्या हातानं नाय आला.” आणि थैली घेऊन ती आत गेली.

“त्या काय म्हणाल्या?” साहेबांनी विचारलं.

हरिश्चंद्राने सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला.

“पण तो तर सभेत दाखवायचाय. तुम्ही आत जाऊन मागून आणता?”

“सर, त्यापेक्षा मी नोकरी सोडतो,” हरिश्चंद्र म्हणाला. “तुम्ही पाहुणे. तुम्ही मागितलीत तर कदाचित देईल.”

म्वांगासाहेब देवघराच्या उंबरठ्यापर्यंत गेले. आत आत्या पाठमोरी बसून गुणगुणत वाती वळत होती. तिने मान वळवून पाहिलं, तसे साहेब हात जोडून दोन पावलं मागे सरकले.

“राहू दे,” ते हरिश्चंद्राच्या कानाशी म्हणाले. “सभेत आपण दुसऱ्या नंबरपासून सुरुवात करू.”