कोबलीची वेळ

हेर श्मित्सच्या घरात पाऊल टाकलं की माणूस एक तास मागे जायचा. मी तिखटमीठ लावून सांगत नाही. बाहेर चर्चच्या घड्याळात आठ वाजलेले असायचे आणि ह्याच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात सात. तिथे राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या घड्याळाच्या भरवशावर मी निवांत चहा ढोसत बसलो, आणि जर्मनीतल्या आखनच्या कॉलेजात पोचलो तेव्हा प्रॅक्टिकल अर्धं उरकलं होतं. प्रोफेसर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. कराडहून इतक्या लांब शिकायला आलेला पोरगा पहिल्याच दिवशी उशिरा येतो म्हटल्यावर ते तरी काय बोलणार?

संध्याकाळी तणतणत घरी आलो. "हेर श्मित्स, तुमचं घड्याळ एक तास मागे आहे!"

"छे," तो बटाटे सोलता सोलता म्हणाला. "अगदी बरोबर आहे. कोबलीत आत्ता पाचच वाजलेत."

आता ही कोबली कोण, हे मला कुठे माहीत! मला वाटलं, असेल कोणी बाई. मग कळलं की कोबली हे इंग्लंडमधलं एक चिमुकलं खेडं, आणि इंग्लंडची वेळ जर्मनीच्या एक तास मागे. युद्धात हा पकडला गेला आणि कैदी म्हणून तिथल्या मिसेस टॅपर नावाच्या बाईंच्या शेतावर कामाला लागला. युद्ध संपलं तरी कैद्यांना लगेच सोडलं नव्हतं, त्यामुळे चांगली काही वर्षं तिथेच राहिला. माणसं कैदेतून सुटून घरी येतात. हा घरी आला तो कोबली बरोबर घेऊन. मनातल्या मनात मी त्याला अरेतुरेच करायचो, अजून करतो. तोंडावर मात्र हेर श्मित्स आणि तुम्ही.

घड्याळाचा आणखी एक घोळ होता. इंग्लंडात उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायची पद्धत. जर्मनीत तेव्हा तसलं काही नव्हतं. त्यामुळे वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या घराची आणि बाकीच्या जर्मनीची वेळ आपोआप जुळायची. मग ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी हा स्टुलावर चढायचा, काटा मागे फिरवायचा, आणि आम्ही दोघं पुन्हा इंग्लंडात. मी मुकाट्याने स्वतःचं गजराचं घड्याळ विकत घेतलं.

"कोबलीत असं नसतं," हे त्याचं पालुपद. पाव कडक निघाला, कोबलीत असं नसतं. शेजारी मोठ्याने भांडले, कोबलीत असं नसतं. एकदा मला जोराची सर्दी झाली, तर तेही कोबलीत नसतं म्हणे! मी म्हटलं, "अहो, इंग्लंडात सर्दी नाही? मग नाकं कशाला दिली आहेत त्यांना?" त्यावर त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "आल्झो, म्हणजे, असते. पण अशी नसते."

त्याचं इंग्रजी तर विचारूच नका. रोज सकाळी जिन्याखाली उभा राहून मला हाक मारायचा, "कम ऑन, ओल्ड गर्ल, कम ऑन!" मला वाटायचं, असेल काहीतरी प्रेमाची रीत. मी बापडा "कमिंग" म्हणत खाली यायचो. दिवाळीच्या सुमारास कळलं की मिसेस टॅपरच्या गाई ह्याच हाकेला गोठ्यात यायच्या. मी भडकलो, तर म्हणतो कसा, "पण तूही येतोसच की!"

परसातल्या कुंपणाची गंमत सांगतो. जर्मन माणूस आपलं कुंपण कात्रीने कसं सरळसोट कापून ठेवतो. ह्याने एका हिवाळ्यात कोयती घेतली, एकेक खोड बुडाशी जवळजवळ तोडलं, फक्त सालीची पट्टी राखली, आणि सगळी झुडपं आडवी निजवून खुंट्यांत विणून टाकली. शेजारच्या फ्राऊ क्यूपर्स डोक्याला हात लावून ओरडल्या, "मारून टाकलं ह्याने कुंपण!" हा म्हणाला, "कोबलीत असंच करतात. थोडी साल राखली की झाड मरत नाही." आणि खरंच, एप्रिलात त्या आडव्या खोडांना बुडापासून हिरवे धुमारे फुटले. मग तो मला त्या कुंपणाकाठी उभा करून कोबलीची सगळी शेतं दाखवायचा. ही टेकडी, हे बदकांचं तळं, हा चर्चकडे जाणारा चिखलाचा रस्ता. समोर फ्राऊ क्यूपर्सच्या कोबीशिवाय मला काही दिसायचं नाही. पण मी मान डोलवायचो.

कोबलीत दर सप्टेंबरात भाज्यांचं प्रदर्शन भरायचं. आमच्या गावात कसलं भरतंय! तेव्हा हा आपल्याच शेडमध्ये भरवायचा. स्पर्धक एक, परीक्षक तोच. हातभर लांबीचा एक हिरवा भोपळा टेबलावर मांडायचा, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचा, आणि मग त्याला दुसऱ्या नंबरची चिठ्ठी लावायचा. मी म्हटलं, "अहो, एकुलता एक भोपळा, त्यालाही दुसरा नंबर?" तो गंभीरपणे म्हणाला, "पहिला नेहमी पोस्टमास्तरचा."

असा सगळा आनंदीआनंद. मला वाटायचं, बरं आहे, एकटा जीव आहे, खुळ्या नादात रमलाय.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा थंडी इतकी वाढली की मी जादा पांघरूण शोधायला माझ्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण ओढला. आत लोकरीचे कपडे होते. गोंडा लावलेली एक छोटीशी लाल टोपी. हातमोजे. मुलीचा स्वेटर, मग त्याहून थोडा मोठा, मग आणखी मोठा, पार वयात आलेल्या मुलीच्या मापापर्यंत. सगळे कोरे, मध्ये डांबराच्या गोळ्या. घरात तर मुलगी नव्हती. एक फोटोसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंडी आणायला गेलो तेव्हा फ्राऊ क्यूपर्सना विचारलं. त्या बाई एरवी तासभर बोलायच्या. त्या दिवशी एप्रनला हात पुसत राहिल्या.

"मारिया आणि उर्सेल," त्या म्हणाल्या. "बायको आणि मुलगी. ड्यूरेनला राहायचे ते. हा पकडला गेला त्याच वर्षी ड्यूरेनवर बॉम्ब पडले. घरही नाही, कोणीच नाही. ह्याला तिकडे पत्ताच नाही. पत्रं लिहायचा, उत्तर यायचं नाही. लोक म्हणायचे, पूर्वेकडे हलवलं असेल, तिकडून टपाल येत नाही. हा त्या आशेवर राहिला. सुटून आला आणि थेट घराकडे गेला, तर तिथे विटांचा ढीग." मग म्हणाल्या, "तेव्हापासून ड्यूरेनला गेला नाही. तिथे दफनभूमीत दोघींची नावं आहेत. बस दारावरून जाते, पण हा चढत नाही."

मी अंडी घेऊन घरी आलो. घड्याळ एक तास मागे होतं. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

त्या नाताळात इंग्लंडहून पार्सल आलं. त्यात निळा स्वेटर. त्याने तो उलगडला, हाताने माप घेतलं आणि "वाढली, नाही का?" असं स्वतःशीच म्हणून घडी घातली. मग मिसेस टॅपरना आभाराचं पत्र लिहायला बसला आणि ते माझ्यापुढे ठेवलं. "माझं इंग्रजी गाईंचं. तू जरा बघ." पत्रात होतं की उर्सेल शाळेत पहिली आली, पियानो शिकते, घरकामात मदत करते, निळा रंग तिला फार आवडला. मी पियानोचं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि मूग गिळून गप्प बसलो. दर नाताळला तेच. मी तिथे होतो तेवढ्यात उर्सेल शाळा संपवून नर्सिंग शिकायला म्युनिकला गेली. स्पेलिंगं मीच तपासली.

आणि मग एका उन्हाळ्यात कार्ड आलं. मिसेस टॅपर चर्चच्या बायकांबरोबर ऱ्हाईन नदी बघायला येणार होत्या, सप्टेंबरात. एक दिवस आमच्याकडे यायचं त्यांनी ठरवलं होतं. उर्सेलला बघायची फार इच्छा आहे, असं खाली लिहिलं होतं.

आली का पंचाईत! हेर श्मित्स पांढराफटक. आधी म्हणाला, मी आजारी पडतो. मग म्हणाला, "मी मेलो असं कळवू या."

"कळवणार कोण? तुम्हीच?"

"तू लिही. तुझं स्पेलिंग चांगलं आहे."

"हेर श्मित्स," मी न राहवून म्हणालो, "खरं सांगून टाका ना. भल्या बाई आहेत. समजून घेतील."

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिला. "निकम, कोबलीत असताना त्या दोघी होत्या," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं, म्हणून होत्या. मी सगळ्या गावाला उर्सेलबद्दल सांगायचो. चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना करायचे. अजूनही तिथे सगळ्यांना माहीत आहे की श्मिटीला एक मुलगी आहे. आता तेवढं एकच गाव उरलंय जिथे ती जिवंत आहे. तेही घालवू?"

शेवटी ठरलं ते असं, की उर्सेलला म्युनिकहून रजा मिळाली नाही. आणि तिला मी डोळ्यांनी पाहिलंय, अशी साक्ष मी द्यायची. खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात, हे आमच्या आईपासून सगळ्यांना माहीत आहे. पण हो म्हणालो.

मिसेस टॅपर आल्या. ठेंगण्या, पाठीला किंचित बाक, हॅटवर खोट्या चेरी. बसमधून उतरल्या आणि आधी कुंपणाकडे गेल्या. अंगठ्याने एक खोड दाबून बघितलं. "साल जाड राखलीस, श्मिटी. पण चालेल." मग शेडमध्ये गेल्या. भोपळ्यावर दोन टिचक्या मारल्या, दुसऱ्या नंबरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "पोस्टमास्तर वारले रे गेल्या हिवाळ्यात. आता पहिला तुझा." तो "नको, नको" म्हणत राहिला. त्यांनी चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली.

चहा झाला, केक झाला. बाईंनी गाईंच्या, पावसाच्या, चर्चच्या गळक्या छपराच्या गोष्टी सांगितल्या. उर्सेलचं नावसुद्धा काढलं नाही. ते ह्यालाच सहन होईना. शेवटी स्वतःच घाईघाईने म्हणाला, "उर्सेल म्युनिकला आहे. रजाच मिळाली नाही. फार रडली. हा निकम सांगेल, ह्याने तिला पाहिलंय."

"हो," मी म्हणालो. "फार गुणी मुलगी आहे." कान पेटले होते.

मिसेस टॅपरनी कप खाली ठेवला.

"तेच तर, श्मिटी," त्या म्हणाल्या. "फार गुणी आहे. इतक्या वर्षांत ती एकदा आजारी पडली नाही. कधी उलटून बोलली नाही, नापास झाली नाही, कोणा पोराबरोबर हिंडताना सापडली नाही. माझी लोकर टोचते म्हणून तिने एकदाही कुरकुर केली नाही, आणि माझी लोकर टोचते, अख्ख्या कोबलीला ठाऊक आहे. माझा जॅक युद्धात जायच्या आधी मला रोज रडवायचा. जिवंत पोरं अशी नसतात रे बाळा."

मी माझ्या बशीकडे बघत राहिलो.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने अगदी हळू विचारलं.

"पहिल्या एक-दोन पत्रांतच."

"मग विणत का राहिलात?"

"जॅक गेला आणि सुया हातात धरवेनात," त्या म्हणाल्या. "मग तू आलास, उर्सेलचं माप सांगितलंस, मी टोपी विणली. तेव्हापासून हात चालतात. मी तरी कशाला थांबू?"

तो रडला. मोठ्याने, तोंड न झाकता. बाई उठून त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि पाठीवर थोपटत राहिल्या.

"चार वर्षांची होती," तो म्हणाला. "फार हट्टी. सूप थुंकायची. भिंतीवर, माझ्या शर्टावर. शेवटच्या रजेत मी तिला एक चापट मारली होती."

"हं," मिसेस टॅपर म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते. "ही आता खरी उर्सेल. सांग अजून."

बस येईपर्यंत तो सांगत होता. कोंबड्यांना घाबरायची. बापाचे बूट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. मारियाचा ओरडा बसला की टेबलाखाली जाऊन झोपायची. इतकी वर्षं त्याच्या घरात राहून मी ह्यातलं काही ऐकलं नव्हतं.

बाई गेल्या. त्यानंतर तो गप्प गप्प झाला. पाव कडक निघायचा, तो खायचा. कोबलीत काय असतं नि काय नसतं, ह्याबद्दल अवाक्षर नाही. मीच एकदा मुद्दाम शिंकलो, तर म्हणाला, "स्वेटर घाल."

मग ऑक्टोबरातला तो रविवार आला. सकाळी त्याने नेहमीसारखं स्टूल ओढलं, घड्याळाखाली ठेवलं, वर चढला. फडक्याने काच पुसली. काच उघडून काट्याला बोट लावलं आणि तसाच उभा राहिला. माझा घास हातातच राहिला. त्या घड्याळाला मी किती शिव्या घातल्या असतील! पण त्या क्षणी मनातून ओरडत होतो, फिरवा हो हेर श्मित्स, फिरवा. तासभर तर आहे, कोणाचं काय जातंय?

त्याने काच लावली आणि तो खाली उतरला.

"ड्यूरेनची बस किती वाजता असते?" त्याने विचारलं.

"साडेनऊला."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे अजून वेळ आहे," म्हणाला. मग जिना चढून माझ्या खोलीत गेला. खालचा खण ओढल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा ती गोंड्याची लाल टोपी त्याच्या हातात होती. त्या सगळ्या ढिगात तेवढी एकच उर्सेलच्या मापाची होती.